चाटूनपुसून

सिंकखालचा पाइप सुटताच प्लंबरने रुमाल नाकाला लावला. "ताई, भात टाकता काय यात?"

"छे हो! घरात मी आणि आई, दोघीच. आईच्या ताटात तर शीतसुद्धा उरत नाही," वृंदा म्हणाली.

पंधरा दिवस त्या वासाने जीव नकोसा केला होता. सोडा, लिंबू, उकळतं पाणी, सगळं ओतून झालं. "जागा नीट ठेवता येत नसेल तर सोडा," असं घरमालकानेही सुनावलं होतं.

प्लंबरने पाइप बादलीत उपडा केला. मेतकुटाने पिवळा पडलेला, आंबलेला मऊ भात भसकन खाली पडला. कामावर निघताना वृंदा आजारी आईला रोज तोच भात देऊन जायची आणि संध्याकाळी घासलेलं ताट पाहून सुखावायची. "पोटात अन्न जातंय ना, मग आशा आहे," डॉक्टर म्हणाले होते.

बादली रिकामी करून परत सिंकखाली सरकवून प्लंबर नवा पाइप आणायला गेला. आई आतल्या खोलीत पडून होती. तिला विचारायचा वृंदाला धीर झाला नाही. तिने गरम भात वाढून दिला आणि कपडे वाळत घालायचं निमित्त करून ती गॅलरीत जाऊन उभी राहिली.

परत आली तेव्हा आई भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात रिकामं ताट.

"बघ, चाटूनपुसून जेवले. आता तरी काळजी करू नकोस."

"शहाणी गं माझी आई," म्हणत वृंदाने ताट घेतलं.

सिंकखालच्या बादलीतून अजून वाफ येत होती.