काकूंची बाजू

कुशनवाल्याने जुन्या गाडीतलं कार्पेट उपसून दुकानाच्या फरशीवर मांडलं आणि तो, काका, काकू अशी तिघंही खाली बघत राहिली. मागच्या सीटपुढचा तुकडा जवळजवळ कोरा. चालवणाऱ्याच्या बाजूचा जरासा विटलेला. आणि शेजारच्या सीटपुढच्या तुकड्याला, अगदी मधोमध, टाचेएवढं आरपार भोक.

"काका, ही बाजू कोण चालवतं?" कुशनवाला हसला.

काकांनी मान न वळवता अंगठ्याने मागे दाखवलं. मागे काकू उभ्या होत्या. "गाडी मी चालवतो, ब्रेक ही मारते. जिथे ब्रेकच नाही तिथे. लग्न झाल्यापासून."

कुशनवाला आणखी हसला. काकूही हसल्या. या विनोदाला हसायची त्यांना सवय होती.

मग काकांनी पिशवीतून गुंडाळी काढली. विटकरी रंग, आखूड लव; कंपनी त्या काळी घालायची अगदी तसलंच. त्यापायी त्यांनी वर्षभर भंगारवाले पालथे घातले होते. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन जवळ आलं होतं आणि तिथले परीक्षक म्हणे दारं उघडून, वाकून, लव उलटी करून बघतात. काका गुंडाळीवरून हात फिरवत होते, तान्ह्या बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा. घरातल्या तिन्ही बाळांच्या पाठींना हा हात कधी लागल्याचं काकूंना आठवेना.

कुशनवाल्याने जुने तुकडे नव्या कार्पेटवर ठेवून पाहिले. फिरवून पाहिले, उलटे ठेवून पाहिले. "एका तुकड्याला कमी पडतंय, काका. मागे साधं घालू? मागे कोण बघतंय!"

"मागे नको. हिच्या बाजूला घाल. कुठलंही चालेल. प्रदर्शनात वर मॅट टाकली की झालं. नाहीतरी ही भोकच पाडणार."

या वेळी काकू हसल्या नाहीत.

"कुठलंही म्हणजे?"

"अगं, कार्पेटबद्दल बोलतोय मी."

"मीही कार्पेटबद्दलच बोलतेय." त्या खाली बसल्या आणि त्यांनी भोकात बोट घातलं. "हे काय मी हौसेनं पाडलं? थोरलीला दवाखान्यातून घरी आणत होतो. ओली बाळंतीण मी, टाके दुखतायत, मांडीवर पोर. आणि तुम्ही निघालात ट्रकच्या बुडात गाडी घालायला. एका हातानं तिचं डोकं धरलं, दुसऱ्यानं दाराची कडी. पाय तेवढा मोकळा होता."

"थांबलो होतो की मी!"

"मी 'अहो' म्हणून किंचाळले, तेव्हा थांबलात."

"इतक्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही," काका कुशनवाल्याला म्हणाले, जणू निवाडा त्यानेच करायचा होता. "कुणालाही विचार. एकहाती चालवलीय."

"हात एकाचेच होते," काकू म्हणाल्या. "पाय मोजा."

कुशनवाल्याला एकाएकी कात्री शोधायचं काम आठवलं.

"हे बघ," काकांचा आवाज चढला. "नव्या कार्पेटवर मला ही आदळआपट नको. बसायचं तर पाय वर घेऊन बस. नाहीतर रिक्षा आहेत."

"बरं," काकू म्हणाल्या.

कापायचं, शिवायचं काम दोन-चार दिवसांचं. तोवर गाडी नुसत्या पत्र्यावर न्यायची. काकूंनी आपल्या बाजूचं दार उघडलं. खाली पत्र्याचा रंग उडून टाचेएवढा एक गोल लखलखत होता. त्यांनी तो नीट पाहून घेतला. मग चपला काढल्या, सीटवर मांडी घातली, हात मांडीवर ठेवले आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

पहिल्या चौकात कुणी 'अहो' म्हणालं नाही. काकांनी ब्रेक जरा उशिराच मारला. दुसऱ्या वळणावर एक स्कूटर आडवी आली. गाडी तिच्या चाकाला टेकता टेकता राहिली. स्कूटरवाला काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला. काकू दुकानांच्या पाट्या वाचत होत्या.

त्यानंतर गाडी मुंगीच्या पावलांनी निघाली. मागून हॉर्नवर हॉर्न. रस्ता मोकळा असला तरी काकांचा पाय ब्रेकवर आणि एक डोळा शेजारच्या मांडीवर. कपाळावर घाम साचला.

"अगं, पाय खाली सोड ना."

"आधी कुठलं कार्पेट ते सांगा."

"या वयात हा कसला हट्ट!"

"गाडी तुम्ही चालवताय ना? मग चालवा की."

एक मोठी गाडी अगदी काच घासल्यासारखी शेजारून गेली. काकांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"घालू मागे साधं," ते शेवटी पुटपुटले. "मागे कोण बघतंय!"

"मला काय सांगताय? कात्री त्याच्या हातात आहे."

काकांनी दात-ओठ खाल्ले, खिडकीतून हात बाहेर काढला आणि गाडी दुकानाकडे वळवायला घेतली. समोरून बस येत होती. काकांना ती दिसायच्या आत काकूंची मांडी मोडली, टाच खाली आली.

पत्रा ठण्णकन वाजला, आणि गाडी थांबली.