बंदराची साखळी

"साखळी सोडा, नाहीतर बंदर पेटवू," सम्राटाच्या जहाजावरून सरदार गरजला.

बंदराचं तोंड अडवणाऱ्या त्या साखळीचं चाक धोंडाईच्या ताब्यात होतं. बंदरात राहणाऱ्या बुटक्यांचा म्होरक्या धापा टाकत तिच्याकडे आला. "सोड बाई. त्यांच्यापुढे आपला काय पाड?"

"आत आले की आपल्याला पुन्हा खाणीत जुंपतील," धोंडाई म्हणाली. "माझी आई तिथंच मेली."

तिनं चाकाची दांडी उपसली आणि समुद्रात भिरकावली. "आता सोडायची म्हटलं तरी सुटणार नाही."

म्होरक्या पाण्याच्या बादल्या भरायला लागला.

आठ दिवस पेटते बाण पडले, निम्मी छपरं जळाली. नवव्या दिवशी जहाजांवरचं गोडं पाणी संपलं आणि ती माघारी वळली. दहाव्या दिवशी बुटक्यांनी जळक्या धक्क्यावरच बाजार मांडला.