तिसऱ्या रांगेतला हेडफोन

"आज एकही हेडफोन गेला नाही, तर उद्यापासून या खोलीला कुलूप. आधीच सांगून ठेवतो, मावशी."

थिएटरचा मॅनेजर काचेच्या खोलीच्या दारात उभा होता. आत धाकटी माईक खालीवर करत बसली होती. साठी उलटली होती, तशी हाक मारणारंही आता कुणी उरलं नव्हतं, पण धाकटी हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

"काल पाच गेले होते की," ती म्हणाली.

"गेले. त्यातले चार तर दहाच मिनिटांत परत आले. एक जण हसतच बाहेर पडला."

"हल्ली लोकांना ऐकायचा कंटाळा. वाचतात मेले."

इटलीतल्या नव्या दिग्दर्शकांच्या सिनेमांचा महोत्सव होता. सगळ्यांचे पहिलेवहिले सिनेमे, त्यांच्या गावातसुद्धा फारसे कुणी न पाहिलेले. पडद्यावर खाली इंग्रजी ओळी यायच्या. ज्यांना त्या झेपत नाहीत त्यांनी दारातून हेडफोन घ्यायचा. मग मागच्या काचेच्या खोलीतून भाषांतरकार बाई सिनेमा चालू असतानाच त्यातलं बोलणं आपल्या भाषेत कानात सांगणार.

"इथून पडद्याचा खालचा भाग दिसत नाही," मॅनेजर म्हणाला. "त्या ओळी लागत असतील तर खुर्ची उंच करतो."

"मला काय करायच्यात त्या ओळी?"

मॅनेजर निर्धास्त होऊन गेला.

हे काम आलं ते घरच्या फोनवर. "भाषांतरकार बाईंचंच घर ना?" पलीकडून विचारलं. "हो, बोला की," धाकटी म्हणाली. घरात दोघी बहिणी राहायच्या; भाषांतरं करायची ती थोरली. थोरली गेली तसं घर मुकं झालं. दिवसभरात धाकटीच्या तोंडून शब्द निघायचा तो दूधवाल्यापुढे, "एक पिशवी" एवढाच. त्यामुळे फोनवरच्या माणसानं पुढे जे जे विचारलं त्याला ती हो म्हणत गेली. तेवढंच बोलणं लांबतं.

दिवे मालवले. तिसऱ्या रांगेत एक टोपीवाले गृहस्थ येऊन बसले, एकटेच. त्यांनी हेडफोन कानाला लावला आणि धाकटीचा जीव भांड्यात पडला.

पडद्यावर दोन जावा वाटाव्यात अशा बायका गच्चीवर धुणं वाळत घालत तावातावानं बोलत होत्या. धाकटीनं माईक जवळ ओढला. "नाकानं कांदे सोलू नकोस," ती पहिलीच्या आवाजात म्हणाली. दुसरीच्या आवाजात म्हणाली, "तू आधी स्वतःच्या पायाखाली काय जळतंय ते बघ."

टोपीवाल्यांचे खांदे हलले. हसले होते!

त्या दिवसापासून तिचं सगळं लक्ष त्या टोपीकडे. रोज सिनेमा वेगळा, टोपी तीच. ती दुपारी घरी आरशासमोर आवाज काढून बघायची, म्हाताऱ्याचा, पोराटोरांचा. घसा बसू नये म्हणून गरम पाणी पीत राहायची. संध्याकाळ झाली की पायांना पंख फुटायचे.

एकदा मात्र सिनेमा सुरू झाला तरी तिसरी रांग रिकामीच. पडद्यावर दोन कोळी होडी दुरुस्त करत होते. धाकटी बोलत राहिली, पण आवाज विहिरीत पडल्यासारखा. दारात मॅनेजर मनगटावरचं घड्याळ दाखवून गेला. तेवढ्यात अंधारातून टोपी आली, खाली बसली, हेडफोन चढला.

"ये बाबा, किती उशीर!" होडीतला म्हातारा कोळी म्हणाला. "बरं, आत्तापर्यंत काय काय झालं ते ऐक." आणि त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं.

टोपीवाल्यांनी मान वळवून काचेकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे.

शेवटच्या दिवशीचा सिनेमा शेवटाला आला. रेल्वे स्टेशनच्या बाकावर म्हातारा बाप, त्याच्यासमोर बॅग घेतलेली मुलगी. मुलगी काहीतरी बोलली. धाकटीनं आवाज अगदी खाली आणला. "बाबा, चुकलं माझं. घरी येऊ का?"

बापानं वर पाहिलं, ओठ उघडले आणि पडदा काळा झाला. दिवे लागले तेव्हा टोपीवाले टोपी मांडीवर ठेवून डोळे पुसत होते.

लोक गेले. धाकटी माईकची वायर गुंडाळत बसली, सावकाश, जितकी लांबेल तितकी. काचेवर टकटक झाली. हेडफोन दारात द्यायचा सोडून टोपीवाले तो घेऊन इथपर्यंत आले होते.

"बसू का जरा?"

"बसा की. त्या स्टुलावर बसा, पण जपून, एक पाय हलतो त्याचा."

"माझे दोन्ही हलतात," ते म्हणाले आणि बसले. "उद्यापासून काय?"

"काही नाही. सिनेमे परत जाणार, मी घरी जाणार." मग न राहवून तिनं विचारलं, "एक दिवस चुकवला नाहीत. आवडतात वाटतं या इटलीवाल्यांचे सिनेमे?"

"ठीक आहेत. पोरं नवी आहेत, शिकतील."

"मग यायचात कशाला?"

त्यांनी हेडफोन तिच्या हातात दिला.

"घरी बोलायला कुणी नाही. बायको गेली, मग मी इकडे परत आलो. त्याआधी सगळा जन्म त्यांच्याच देशात काढला, बाई. त्यांच्या दवाखान्यात औषधं दिली, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत भांडलो."

धाकटीच्या हातातली वायर तशीच राहिली.

"ती पोरगी मघाशी बापाला फक्त गाडी किती वाजता आहे एवढंच विचारत होती," टोपीवाले म्हणाले. "पण बापानं तिला घरी घेतलं की नाही, ते ऐकायला उद्या कुठे येऊ, सांगा."