कोनाड्यातली पुडी

शरणम्मानं खाली बसून पुडी उघडली. आत अफूच्या चार काळ्या गोळ्या होत्या, मिऱ्याएवढ्या.

तिच्या लेकानं, कल्लप्पानं, अफू सोडल्याला पाच महिने झाले होते. त्याच्यासाठीच ती अक्कलकोटचं घर बंद करून सोलापुरात लेकाच्या खोलीवर येऊन राहिली होती. वाटेत अफूचं परवान्याचं दुकान लागू नये म्हणून ती रोज त्याला तळ्याकडच्या लांबच्या रस्त्यानं गिरणीपर्यंत सोडायची. सुटायच्या वेळी पुन्हा फाटकात उभी. सूनही तेवढंच जपायची. नवऱ्याच्या जुन्या सोबत्यांना जगदेवीनं दारातूनच परतवून लावलं होतं. ती त्याच गिरणीत सूत गुंडाळायला जाई. त्यांचा पोरगा रेवणसिद्ध सात महिन्यांचा, अंगावर पिणारा. त्यालाही टोपलीतून बरोबर नेई.

कल्लप्पा आंघोळ करून आत आला. शरणम्मानं पुडी त्याच्यापुढं धरली आणि कोनाड्यात दिव्यामागं सापडल्याचं सांगितलं.

त्याचा चेहरा पडला. आपण ती आणली नाही, असं तो परत परत सांगू लागला. मागच्या खेपेलाही तो असंच म्हणाला होता, आणि तेव्हा ते खोटं निघालं होतं.

"पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांग," ती म्हणाली.

टोपलीत रेवणसिद्ध सकाळपासून किरकिरत होता. कल्लप्पानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नजर मात्र पुडीवरून हलत नव्हती.

"अव्वा, माजी न्हाय ती. पर म्होरनं ने. बिगी ने."

शरणम्माला ते खरं वाटलं नाही. पुडी चुलीत टाकायला ती उठली, तोच जगदेवी नळावरून घागर घेऊन आली. झालेलं सांगता सांगता शरणम्माला रडू कोसळलं.

जगदेवीनं घागर उतरवली, हात पुसले आणि सासूच्या मुठीतून पुडी काढून घेतली.

"त्यांच्यावर आळ घिऊ नका, आत्याबाई. मीच आणलीया. त्यांच्या हाती लागू नये म्हणून दिव्यामागं ठिवली हुती."

गिरणीचा भोंगा झाला. जगदेवी घाईनं टोपलीपाशी बसली. एका गोळीचा तुकडा मोडून तिनं दुधाच्या थेंबात चोळला.

"सुटेपातूर पोर निजून ऱ्हातं. आमच्या खात्यातल्या समद्याच बाया देत्यात," ती म्हणाली, आणि तिनं ते बोट रेवणसिद्धाच्या तोंडात घातलं.