दाराचं माप

रणगाडा जेमतेम कमरेइतका उंच होता. आत एकच माणूस, तोही पालथा झोपून चालवणार. गोळ्या घसरून जाव्यात म्हणून दोन्ही बाजू उतरत्या, वर छत म्हणून एक अरुंद पट्टी आणि तिच्यात दार. सहा वर्षं याच रणगाड्यापायी आरेखकाची झोप उडाली होती. आज मोठे साहेब मैदानावर आले होते आणि त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता.

आत त्याचा मेहुणा होता, कारखान्यातला सगळ्यांत सडपातळ चालक. "माझ्या भावाला धड घरी आणा म्हणजे झालं," सकाळी बायको एवढंच म्हणाली होती.

रणगाड्याने चर ओलांडला, चिखल तुडवला आणि तो साहेबांपुढे येऊन थांबला. टाळ्या पडल्या.

"आता बाहेर या," साहेब म्हणाले आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

दार उघडलं. आधी शिरस्त्राण बाहेर आलं. मग पट्टा. बराच वेळ नुसती धडपड ऐकू आली, मग जाड कोट आला आणि शेवटी एकेक खांदा सोडवत बनियनवरचा मेहुणा. लोक हसले. दाराचं माप आरेखकानेच घेतलं होतं, भर उन्हाळ्यात, याच बनियनवरच्या खांद्यांना दोरी लावून. कोट कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. आज साहेबांनी पूर्ण पोशाख सांगितला, तेव्हा मेहुण्याने तो आधी आत टाकला, मागून स्वतः उतरला आणि आत पडल्या पडल्या कसाबसा चढवला.

"तीन मिनिटं," साहेब म्हणाले. "होईल सवय शिपायांना. उद्या खऱ्या गोळीबारात चाचणी घेऊ. चालक हाच. टिकला रणगाडा, तर शंभर बनवायला घ्या."

मेहुणा कोट घेऊन जवळ आला.

"दाजी, आत आग लागली तर आधी काय काढू? पट्टा की कोट?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

"घाल तो कोट," आरेखक म्हणाला.

सगळ्यांसमोर त्याने मेहुण्याच्या खांद्यांना पुन्हा दोरी लावली, खिशातला खडू काढला आणि त्या मापाचं वर्तुळ छतावर ओढायला घेतलं.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

खडू छताच्या कडेवरून खाली घसरला, तरी वर्तुळ अजून अर्धंही झालं नव्हतं.