सागवानी जाळी

“उचल रे, पुढचा कोपरा धर,” असं कुणाला सांगावं लागलं नाही. मुकादम कोक-हिंगने एकट्यानेच जाळी एका कोपऱ्याने उचलली आणि सगळ्या शेडला दिसेल अशी उंच धरली.

तामसुई नदीच्या मुखाशी शिडाच्या बोटी बांधणाऱ्या त्या कारखान्यात ही परीक्षा सगळ्यांना पाठ होती. सुकाणूपाशी पायाखाली पसरायची ही सागवानी जाळी. आडव्या-उभ्या पट्ट्या, एकमेकींत खाच घालून बसवलेल्या. सरस लावायच्या आधी ती एका कोपऱ्याने उचलून तीनदा झटकायची. एकही पट्टी गळली नाही तर जाळी पास. गळली तर गळलेल्या पट्ट्या लाकूड वाकवायच्या बाष्पभट्टीत, आणि त्याच आगीवर त्या सुताराचा जेवणाचा डबा गरम करायचा. मग सगळ्यांसमोर विचारायचं, भात कसा लागतोय? उत्तरही ठरलेलं होतं: गोड लागतोय, उस्ताद. ही सगळी करामत म्हाताऱ्या बुन-तेकच्या डोक्यातून निघालेली. कोक-हिंग त्याच्याच हाताखाली शिकाऊ होता तेव्हा त्याने तो गोड भात अकरा वेळा खाल्ला होता.

आज जाळी बुन-तेकची होती.

टिकली तर खिडकीजवळचा बाक त्याचाच राहणार. नाही तर उद्यापासून मागच्या शेडमध्ये बायकांच्या रांगेत बसून पॉलिशपेपर घासायचा. मालकाने निवाडा मुकादमावर सोपवला होता, आणि मुकादमाने आनंदाने घेतला होता.

एक झटका. दुसरा. तिसरा. जाळी जशीच्या तशी.

“बघा, म्हाताऱ्याचा हात अजून कापत नाही!” घासकामाची आ-कीम दारातून ओरडली. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. बुन-तेकने मान खाली घातली. लोकांना वाटलं, विनय. खरी गोष्ट वेगळी होती. दोन वर्षांपासून त्याच्या खाचा केसाएवढ्या सैल पडत होत्या. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटांना कळत होतं. म्हणून काल संध्याकाळी घरी जाताना त्याने जाळीवर ओली पोती टाकून ठेवली होती. सागवान फार फुगत नाही, पण केसाएवढं फुगतं, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

कोक-हिंगने जाळी खाली ठेवली नाही. तोंडाजवळ नेली आणि खाचेला ओठ लावले.

लाकडातली ओल डोळ्यांना चुकते, ओठांना चुकत नाही, हेही त्याला बुन-तेकनेच शिकवलेलं.

“छान झालीय, उस्ताद,” कोक-हिंग म्हणाला. “आधी जेवून घेऊ. पुन्हा एकदा झटकू, मग सरस लावू.”

“पुन्हा कशाला? तीन झाले की.”

“तुमचं काम आहे हो. एकदा बघून डोळे निवत नाहीत.”

आणि त्याने जाळी बाष्पभट्टीच्या तापल्या झाकणावर आडवी ठेवली, शेजारी सगळ्यांचे डबे.

सगळे जेवले. बुन-तेकच्या डब्यात भात, शिजवलेलं डुकराचं मांस आणि अर्धं अंडं होतं. बायकोने आज मुद्दाम अंडं घातलं होतं. त्याने अंडं खाल्लं, अर्ध्या भातावर डबा बाजूला सारला. त्याची नजर झाकणावर खिळलेली. लाकूड सुकत होतं; त्याचा रंग कडेकडेने आतपर्यंत फिका होत चालला होता. एकदा तो उठला.

“जास्त तापेल ती. चिरेल.”

“बसा हो. सागवान आहे,” कोक-हिंग चहा फुंकत म्हणाला. “घाई कसली?”

तास झाला. कोक-हिंगने जाळी त्याच कोपऱ्याने उचलली. झटकायची वेळच आली नाही. एक पट्टी सुटून फरशीवर पडली. मग दुसरी. मग एकदम चार. आ-कीमने तोंड फिरवलं. बुन-तेक गुडघ्यांवर बसून पट्ट्या गोळा करू लागला, तेव्हा कोक-हिंगने त्या अदबीने त्याच्या हातातून घेतल्या.

“तुम्ही कशाला वाकता, उस्ताद?”

पट्ट्या भट्टीत गेल्या. वर बुन-तेकचा अर्धा राहिलेला डबा. तो वाफाळला तसा कोक-हिंगने फडक्यात धरून आणला, म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला, आणि चॉपस्टिक पुसून हातात दिल्या.

शेडमध्ये कुणी हातोडा उचलला नाही. बुन-तेकने इकडेतिकडे पाहिलं. यातल्या निम्म्या लोकांना त्यानेच घडवलं होतं, आणि कुणाच्याच चेहऱ्यावर त्याला दया दिसली नाही. त्याने एक घास घेतला. भात चटका लागण्याइतका गरम होता.

“कसा लागतोय भात?” कोक-हिंगने विचारलं.

“गोड लागतोय.”

कोक-हिंग हलला नाही. हाताची घडी घालून राहिलेल्या शब्दाची वाट बघत उभाच राहिला. भट्टीत सागवान तडतडत होतं. तोंडातला घास बुन-तेकने कितीतरी वेळ चावला, शेवटी गिळला.

“उस्ताद,” तो म्हणाला, आणि पुढचा घास घेतला.