एकेचाळिसावा अंगठा

विक्रीपत्रावर एकेचाळीस अंगठे होते. त्यांतले चाळीस एकाच माणसाचे निघाले. एकेचाळिसावा मात्र खरा होता, सोनबा मडावीचा, आणि त्यात अकरा मिलिमीटरची पांढरी चीर होती.

सरकारी वकील शलाका ढोले हिची सगळी भिस्त त्या चिरेवर होती. गिरडजवळच्या शेतात सोनबाला अंगठ्यापासून मनगटापर्यंत विळा लागला आणि बायको रामबाई जखमेवर हळद दाबत असतानाच त्याचा जीव गेला. म्हणजे ठसा मेलेल्या हाताचा. ही चीर कोर्टाला दाखवता आली, तर रामबाईचं शेत रामबाईकडेच राहणार होतं.

सोमवारी मोजली तर चीर नऊच मिलिमीटर. शलाकाने मोजपट्टी बदलली. बुधवारी सहा. तिने ठशाचा वर्षापूर्वी काढलेला फोटो उघडला. त्यातही सहाच.

सुनावणीच्या सकाळी तिने रामबाईला खरं ते सांगून टाकलं. "मावशी, चीर भरत चाललीय. ती गेली तर शेत हातचं जाईल."

रामबाई टेबलावरचं भिंग घेऊन कागदावर वाकली.

"लय ठणके त्याले. मी रडून राह्यली होती, तं मलेच म्हणे, येडी हायेस, दोन दिवसांत भरते." तिने पदराने भिंग पुसून शलाकाच्या हातात दिलं. "पाहा ना बाई, भरली काय?"

"आणि शेत?"

"ते मंग पाहू. आंधी त्याचं पाहा."

शलाकाने पट्टी ठेवली. तीनदा मोजलं.

शून्य मिलिमीटर.